ऊन सर्वांचे, गच्ची कोणाची?

सूर्याला अर्घ्य देणारा आपला समाज अलीकडे त्याच्याकडे गुंतवणूक म्हणूनही पाहू लागला आहे. पूर्वी चारचौघांच्या गप्पांत मुदत ठेवीचा व्याजदर निघे, तसा आता 'तुम्ही किती किलोवॅट बसवले?' हा प्रश्न निघतो. यात वावगे काहीच नाही. ज्याला स्वतःची गच्ची आहे त्याने घरी सौर पॅनेल जरूर बसवावीत, असेच माझे मत आहे. मात्र या फायद्याचा हिशेब पुरा मांडावा, अर्धा मांडून टाळ्या घेऊ नयेत.

कलाशाखेच्या मंडळींना आकडेमोडीचे वावडे असते, असा एक प्रवाद आहे. तो पत्करून थोडे आकडे देतो. एक किलोवॅटच्या पॅनेलांना सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यांतून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. तिच्यात दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले. आता समजा, तीन किलोवॅटला १,८०,००० रुपये खर्च आला. अनुदान वजा जाता घरचे १,०२,००० रुपये गुंतले. महिन्याला २५० युनिट वाचले आणि युनिटमागे सरासरी आठ रुपये धरले, तर दरमहा २,००० रुपयांची बचत होते. म्हणजे सव्वाचार वर्षांत मुद्दल वसूल! पॅनेलचे आयुष्य मात्र पंचवीस वर्षांच्या घरात असते. कोणती ठेव एवढे देईल?

अर्थात या गुलाबाला काटेही आहेत. बिलातला स्थिर आकार सुटत नाही. पावसाळ्यात उत्पादन घटते, धूळ पुसावी लागते आणि इन्व्हर्टर मध्येच एकदा तरी बदलावा लागतो. दिवसा आपण विजेच्या जाळ्यात घातलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, यालाच 'नेट मीटरिंग' म्हणतात. परंतु वर्षअखेर जी शिल्लक उरते तिला फारच कमी भाव मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणे हा शहाणपणा नव्हे. शिवाय बॅटरी नसलेली साधी यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपणही बंद होते. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. पण 'आता अंधार कायमचा गेला' असे समजणाऱ्याची निराशा होते.

हे सारे जमेस धरूनही सौदा फायद्याचाच ठरतो. प्रश्न इतकाच की, कोणाच्या फायद्याचा?

आपल्याकडे विजेचे दर पायरीपायरीने चढतात. पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढची महाग. त्यामुळे जो जास्त वीज जाळतो त्याची बचत महागड्या युनिटांची होते. याउलट दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही एवढ्यावर भागवणाऱ्या, महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घराचा विचार करा. पाच रुपये दराने त्याचे वाचणार ४०० रुपये. एक किलोवॅटला अनुदान वजा जाता ३५,००० रुपये घालावे लागले, तर ते वसूल व्हायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. तेवढी रक्कम तो एकरकमी आणणार कोठून? आणि भाडेकरूचे काय? बिल तो भरतो, छप्पर मालकाचे. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच भाड्याच्या खोल्यांतून कॉलेजला येतात. त्यांच्या वाट्याला ऊन येते, वीज येत नाही.

याहून खोल एक गोष्ट आहे. जास्त वापरणारा ग्राहक चढ्या दराने पैसे भरतो, म्हणून लहान ग्राहकाला वीज स्वस्त देता येते. तोच मोठा ग्राहक पॅनेल बसवून बिलातून निसटला, तर तारा, रोहित्रे आणि खांब यांचा खर्च कोणावर पडणार? ज्याच्याकडे गच्ची नाही त्याच्यावर!

यावर उपाय गच्चीवाल्यांना अडवणे हा नव्हे. बिनगच्चीवाल्यांना वाटा देणे हा आहे. काही पावले पडलीही आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी जादा अनुदान जाहीर केले. केंद्राच्या योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये ठेवले आहेत. एका ठिकाणी सामाईक पॅनेल बसवून त्यांची वीज अनेकांच्या बिलांतून वजा करण्यासही तिच्यात जागा आहे. माझ्या मते खरी वाट हीच. शाळा, ग्रामपंचायती, समाजमंदिरे आणि आपल्या महाविद्यालयांसारख्या इमारती यांची छपरे दिवसभर नुसती तापत असतात. त्यांच्यावर शेजारच्या वस्तीची वीज का तयार होऊ नये?

विहीर एकाच्या वाड्यात आणि तहान साऱ्या गावाला, हे चित्र आपण पुष्कळ पाहिले आहे. पाण्याच्या बाबतीत जे झाले ते उन्हाच्या बाबतीत होऊ द्यायचे की नाही, हे ठरवायची वेळ अजून गेलेली नाही. गच्ची असलेल्यांनी जरूर पॅनेल बसवावीत. आणि नसलेल्यांनी आपला वाटा मागावा. तो मागण्यात संकोच कसला? सूर्य काही कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही.