गांवचा पाऊस गांवानेंच मोजावा

पाऊस मोजणें हें सरकारचें काम, आपण फक्त भिजावें, असा समज आपल्या महाड-पोलादपूर भागांत रूढ आहे. महसूल खात्यांत कारकुनी करून पेन्शनीवर आलेल्या प्रस्तुत लेखकास तो मान्य नाहीं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टि समजून पंचनामे होतात. परंतु हा पाऊस मोजला जातो तो महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि एका मंडळांत अनेक गांवें येतात. घाटाच्या कुशींत एका वाडीवर ढग रिता व्हावा व डोंगरापलीकडे ऊन पडावें, हा आपला नित्याचा अनुभव. आश्विनांत भात कापून शेतांत पडलें असतां अशी सर आली, तर नुकसान एका गांवचें व आंकडा दुसऱ्या गांवचा, असें होतें.

ह्यावरील उपाय महाग नाहीं. शाळेंतील मुलें छंद म्हणून ज्या ‘अर्डुइनो उनो’ बोर्डावर दिवे लुकलुकवितात, तोच ह्या कामास पुरेसा आहे. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं ‘अर्डुइनो’ची सुरुवात झाली. आराखडा सर्वांस खुला असल्यामुळें तो अनेक कारखाने बनवितात व स्वस्तांत मिळतो. त्यावरील मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपेंत सामावलेला लहानसा गणक होय. आज्ञा ठेवण्यास ३२ किलोबाइट, चालू हिशेबास २ किलोबाइट, आणि बाहेरील वस्तूंशीं जोडण्यास १४ डिजिटल व ६ अॅनालॉग पिना, एवढीच त्याची शिदोरी. मोबाइलापुढें ती हास्यास्पद वाटेल. पण थेंबांची मोजदाद करण्यास तलाठी पुरतो, दिवाण लागत नाहीं.

मोजणी अशी चालते. नरसाळ्याखालीं दोन खणांचें झुलतें पात्र बसवितात. नरसाळ्याचें तोंड २०० चौरस सेंटिमीटर असल्यास ४ घन सेंटिमीटर पाणी सांचतांच, म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस होतांच, पात्र कलंडेल असें बेतावें. कलंडतांना त्यावरील लोहचुंबक एका बारीक स्विचापुढून जातो व बोर्डाच्या २ क्रमांकाच्या पिनेस इशारा मिळतो. २ व ३ ह्या पिनांची सोय अशी कीं, बोर्ड अन्य कामांत असला तरी तें क्षणभर थांबवून तो आधीं इशारा टिपतो. ३२५ इशारे झाले कीं ६५ मिलिमीटर भरले. मुसळधार पावसांत पात्र कलंडत असतांना कांहीं पाणी मोजणीबाहेर जातें व आंकडा थोडा कमी येतो. म्हणून शेजारीं साधें मोजपात्र ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां ताळा पाहावा.

बोर्डाच्या उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. त्यास तारीखवार वेळ ठेवणारें घड्याळ नाहीं. तें निराळें जोडावें लागतें, आणि तारखेविना नोंद म्हणजे सहीविना पावती. वीज गेली कीं चालू हिशेब पुसला जातो. वीज नसतांनाहि टिकणारी १ किलोबाइट जागा चिपेंत आहे, परंतु तिच्या प्रत्येक घरांत सुमारें एक लाख वेळांच लिहितां येतें. प्रत्येक इशाऱ्यास लिहीत बसल्यास आपल्याकडील पावसांत तें घर थोड्याच वर्षांत झिजेल. तासातासानें लिहावें.

कांहीं सुशिक्षित मंडळी वायफाय असलेला ‘ईएसपी ३२’ घ्या, असें सुचवितात. तो अधिक शक्तिमान आहे ह्यांत शंका नाहीं. पण २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत पूर आला व तळिये येथें दरड कोसळली, तेव्हां संपर्कच तुटला होता. ऐन वेळीं आंकडा जागेवर लिहिलेला असावा हें आमच्या मतें अधिक महत्त्वाचें. शिवाय उनोच्या जुन्या आर ३ प्रकारांत चिप खोबणींत बसविलेली असते. बिघडल्यास तेवढीच बदलतां येते.

गांवच्या ह्या नोंदीस सरकारी केंद्राच्या आंकड्याचें स्थान मिळणार नाहीं, हें खरें. तरी दोन्ही आंकडे शेजारीं मांडून केलेला अर्ज, नुसत्या ‘फार पाऊस झाला’ अशा अर्जाहून निराळा वाचला जातो. आपल्या संघानें घाटाखालील दोन गांवांत, शाळेच्या आवारांत, एका पावसाळ्यापुरतें हें करून पाहावें. जोडणी व तपासणीस महिना जाईल. तेव्हां साहित्य मृगापूर्वीं हातीं आलें पाहिजे.