ओलीस धरलेले बिऱ्हाड

बदलीचा हुकूम आलेला नोकरदार पुण्याहून दिल्लीस बिऱ्हाड हलवावयाचे म्हणून चार ठिकाणी दर विचारतो आणि साहजिकच सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम देतो. सामान मालमोटारीत चढेपर्यंत स्पर्धा असते, चढल्यानंतर मक्तेदारी. मग जादा नग, जिन्याची हमाली, विमा अशी नवनवी कलमे निघतात आणि ती चुकती होईपर्यंत सामान उतरत नाही.

ग्राहकाने सावध असावे, हा उपदेश येथे अपुरा आहे. खोटा दर सांगणाऱ्यासच काम मिळत असेल, तर खरा हिशेब मांडणारा व्यावसायिक बाजारातून उठतो. ही प्रक्रिया जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच जुन्या मोटारींच्या उदाहरणाने स्पष्ट केली होती.

रस्ता मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याने वाहतूकदारांची नोंदणी, मालाची पावती व नुकसानीची जबाबदारी ठरविली. अंदाजित खर्चावर किती वाढ घेता येईल, हे मात्र ठरविले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. परंतु निकालास वेळ लागतो आणि चूल तर त्याच दिवशी मांडावयाची असते. अमेरिकेत आंतरराज्य स्थलांतरात अंदाज बंधनकारक नसला, तरी त्यातील कामांसाठी त्याच्या ११० टक्के रक्कम भरताच सामान द्यावे लागते. उरलेला वाद मागाहून.

आपल्याकडेही सामानाची यादी, लेखी अंदाज आणि वाढीची कमाल मर्यादा सक्तीची व्हावी. भाड्याचा तंटा कागदपत्रांच्या आधारे चालावा. त्यासाठी कोणाचे बिऱ्हाड रस्त्यावर अडवून धरले जाऊ नये.