जॉबर आता एसीत बसतो

हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. प्रेसवाल्याची बाकी हे नेहमीचं कारण आहेच. पण या खेपेला खरं कारण वेगळं आहे आणि ते लपवायचं कशाला? संपादक नोकरी शोधत होता. एम.कॉम. झालेला, सत्तावीस वर्षांचा, घरात आई आणि दोन बहिणी. क्रांतीच्या गप्पा मारून झाल्यावर रेशनचं बिल कोण भरणार, हा प्रश्न आमच्याही घरात पडतो, मित्रांनो. तुमच्याही पडतो. आपण त्यावर लिहीत नाही एवढंच. पोटाची गोष्ट लिहिली तर कमीपणा वाटतो आपल्याला.

तर मी अंधेरीला एका एजन्सीत गेलो. बँका, विमा कंपन्या, कर्जवाल्या कंपन्या, म्युच्युअल फंडवाले यांना माणसं पुरवणारी एजन्सी. दुसरा मजला, काचेचा दरवाजा, आत थंडगार. बाहेर जिन्यावर पन्नास पोरं फाइली घेऊन उभी. साडेतीन हजार रुपये आधी घेतले. 'रजिस्ट्रेशन आणि ग्रूमिंग.' ग्रूमिंग म्हणजे टाय कसा बांधायचा आणि 'मी'ऐवजी 'मायसेल्फ' कसं म्हणायचं, हे दोन तासांत शिकवणं. पैसे मी दिले. आईच्या भिशीतले होते. मूर्खपणा केला, कारण धड चालणारी एजन्सी उमेदवाराकडून दमडी घेत नाही. तिची फी कंपनी देते. बाजारातला रिवाज ठरलेला आहे : वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. इथं पोरांकडूनही घेतात, कंपनीकडूनही घेतात. पावती मागितली तर बाई म्हणाली, "सिस्टीम डाऊन आहे सर."

त्याच बाईनं माझा बायोडाटा वाचला. आवाज अगदी गोड. "सर, ॲड्रेस खूप लांब झालाय. फक्त घाटकोपर ईस्ट ठेवा ना."

मी म्हटलं, "पत्ता आहे तेवढाच आहे मॅडम. माता रमाबाई आंबेडकर नगर."

"ते कळलं हो. पण क्लायंट बघतात. आणि कॉलेजचं नाव नाही टाकलं तरी चालतं, नुसतं मुंबई युनिव्हर्सिटी लिहा."

कॉलेज सिद्धार्थ. फोर्टातलं आनंद भवन. तिथून दलाल स्ट्रीट चालत गेलं तर पंधरा मिनिटं पण लागत नाहीत, रिझर्व्ह बँक तशीच. बाबासाहेबांनी कॉमर्सचं कॉलेज १९५३ साली नेमकं त्या पैशाच्या पेठेत काढलं, ते काय उगाच? आणि सत्तर वर्षांनी आम्हाला सांगतात, ते नाव खोडा. त्या बाईचा राग आला असं मी म्हणणार नाही. तिनं मला खरं तेच सांगितलं. धंदा कसा चालतो ते तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.

आमच्या वस्तीचं नाव ऐकल्यावर या शहराला एकच आठवतं : ११ जुलै १९९७. पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात दहा माणसं मेली. मेलेली आमची, आणि बदनाम झाला तोही आमचाच पत्ता. हा हिशेब कुठल्या ताळेबंदात बसतो ते मला एम.कॉम.ला शिकवलं नाही.

पत्ता मी खोडला नाही. शौर्य वगैरे काही नाही, तेव्हा नुसता हट्ट होता. आठवड्यानं फोन आला. काउंटरसाठी नाही, ऑफिससाठीही नाही. वसुलीसाठी! "सर, तुम्हाला एरियाची चांगली माहिती असेल. घाटकोपर, विक्रोळी, मानखुर्द, गोवंडी." बघा, जो पत्ता काउंटरवर चालत नव्हता तोच वसुलीला गुणवत्ता ठरला. आपल्याच गल्लीतल्या पोराची हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल ओढून आणायला आपलाच पोरगा पाहिजे. साहेब कशाला येतो मानखुर्दच्या खाडीकडं!

पगार सांगितला महिना अठरा हजार. कागदावर. त्यात कंपनीचा पी.एफ.चा वाटा धरलेला, ई.एस.आय.चा धरलेला, ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली. मग आपला वाटा कापायचा, प्रोफेशन टॅक्सचे दोनशे कापायचे. हातात साडेचौदा. आणि ज्या कर्जवाल्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवायचं त्या कंपनीचे आपण नोकर नाहीच. 'ऑफ रोल.' पगार करणारी कंपनी तिसरीच. उद्या काढून टाकलं तर भांडायचं कुणाशी? कर्जवाला म्हणतो, तू आमचा नाहीस. पगारवाला म्हणतो, आम्हाला वरून मेल आला. एजन्सी फोनच उचलत नाही.

हे घरी आज्याला सांगितलं. आज्या परळला गिरणीत होता, बयाऐंशीचा संप पाहिलेला. आता नीट ऐकू येत नाही. सगळं दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाला, "म्हंजी जॉबर की रं."

बरोबर. जॉबरच.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत मालक कामगार भरत नव्हता, जॉबर भरायचा. कुणी मुकादम म्हणायचं. तो आपल्या गावची, नात्यातली, जातीतली माणसं आत घ्यायचा आणि घेताना दस्तुरी खायचा. कायम करायचं असेल तर आणखी दस्तुरी. ज्याला कायम केलं नाही तो बदली : रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. १९३५ साली मालकांनी बदलीचं कार्ड काढलं, जॉबरचा हात आखडला म्हणाले. आज दस्तुरीला रजिस्ट्रेशन म्हणतात, बदलीला ऑफ रोल म्हणतात. नात्यातली माणसं भरण्याला 'रेफरल' म्हणतात, आणि वर त्यासाठी बक्षीस देतात. जॉबर मेला नाही, तो एसीत बसतो.

आणि गिरणीत आत गेल्यावर तरी काय होतं? आमच्या लोकांना साच्याच्या खात्यात, म्हणजे विणाईत, घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागायचा. महाराच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकराच्या तोंडाला लागला तर? बाटला! म्हणून जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. संप सगळ्यांचा, मग साचा सगळ्यांचा का नाही?

त्याच गिरण्यांच्या जागेवर आज लोअर परळला काचेचे टॉवर आहेत. आत पैशाच्या कंपन्या आहेत. धागा नाही, थुंकी नाही. तरी श्रीमंतांच्या गुंतवणुकी सांभाळणारं खातं एक आणि उन्हात वसुली करणारं खातं वेगळं. कुठल्या खात्यात कोण बसतंय ते एकदा डोळ्यांनी जाऊन बघा.

म्हणतील, पुरावा द्या. घ्या पुरावा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या दोघांनी ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. २००७ साली निष्कर्ष छापले. शिक्षण तेच, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याचं प्रमाण दलित नावाला ०.६७ आणि मुसलमान नावाला ०.३३. म्हणजे मुलाखतीच्या खुर्चीवर बसायच्या आधीच, नुसत्या नावावर, गाळणी लागली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. अधिकारी म्हणायचे, आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता. आणि पुढच्या वाक्यात म्हणायचे, उमेदवाराचं 'फॅमिली बॅकग्राऊंड' मात्र बघतो.

मलाही विचारलं. दुसऱ्या एका मुलाखतीत, बी.के.सी.त. "फादर काय करायचे?" महापालिकेत सफाई खात्यात होते, वारले. समोरच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोन सेकंद. नंतर कर्जाच्या व्याजाविषयी एक प्रश्न विचारला, तो मी बरोबर सोडवला आणि त्यांनी ऐकला नाही. आपल्याकडं आडनावांची भेळ आहे. कांबळे ओळखू येतो, जाधव-पवार गोंधळात टाकतो, 'कर' लावलेला तर बामणातही खपतो. म्हणून बापाचा धंदा विचारतात. आडनाव फसवेल, बाप कसा फसवेल!

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. आपल्याच अभ्यासवर्गात येणारा एक पोरगा, नाव सांगत नाही. त्यानं पत्ता खोडला. कॉलेज खोडलं. आडनाव 'कर'वालं होतंच. आठ दिवसांत बोलावणं, पंधरा दिवसांत एका खासगी बँकेच्या शाखेत, ऑफ रोलच पण आत, काउंटरवर. परवा रात्री माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, मोबाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो काढला मी. जेवताना सगळे बसतात, कुणी बघेल म्हणून. मी हरामी झालो का हो?"

आपल्यातले काही जण लगेच 'हो' म्हणतील. पोटभरू म्हणतील. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. कोलंबियात शिकून, लंडन अर्धं टाकून बाबासाहेब परत आले. १९१७ साली बडोद्याला पारशाच्या खानावळीतून त्यांना हाकललं. मुंबईला येऊन, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक व्हायच्या आधी, त्यांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला होता. गिऱ्हाइकं यायला लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाइकं बंद झाली. पुढं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस तो! त्याचा सल्ला बाजाराला विटाळला. म्हणजे कळल्यावर काय होतं हे त्या पोराला आपल्यापेक्षा चांगलं समजलंय. भित्रा तो नाही. त्यानं बाजार वाचलाय.

पण मी त्याला 'बरं केलंस' असंही म्हणू शकलो नाही. तो रोज सकाळी घरातून निघताना स्वतःला दारात काढून ठेवतो आणि रात्री परत घालतो. तीस वर्षं असं करायचं? मी गप्प बसलो. चहा पाजला. संपादकाकडं उत्तर नसलं की तो चहा पाजतो.

आधीच्या पिढीला हे करावं लागलं नाही असं नाही, पण त्यांच्या पाठीशी काहीतरी होतं. १९६९ ला चौदा बँका सरकारी झाल्या, १९८० ला आणखी सहा. सरकारी झाल्या म्हणून राखीव जागा आल्या. वस्तीतला पहिला बँकेतला क्लार्क त्यातून आला. शेजारीपाजारी त्याला 'बँकवाले काका' म्हणायचे. तो खाली मान घालून काम करत असेल, टोमणे ऐकत असेल, पण त्याला कुणी ऑफ रोल म्हणत नव्हतं आणि टेबलाच्या काचेखाली फोटो ठेवायची त्याची छाती होती. चळवळीची वर्गणी कुणी भरली? या मासिकाच्या कितीतरी अंकांचा कागद कुणाच्या पगारातून आला? त्यांनाच आपण व्यासपीठावरून शिव्या घालायचो, दलित ब्राह्मण म्हणून.

त्या बँका २०१७ ला सत्तावीस होत्या, विलीनीकरण होत होत बारा उरल्या. शिपाई, सफाईवाला यांची कामं कंत्राटात गेली. खासगी बँका वाढल्या, तिथं राखीव जागा नाहीत. २००६ साली सरकार कायदा करतंय की काय या भीतीनं उद्योगपतींच्या संघटनांनी स्वतःच आचारसंहिता काढली : आम्ही आपखुशीनं दलितांना घेऊ. आपखुशी! आपखुशीनं देवळाची दारं उघडली असती तर नाशिकला काळारामापुढं सत्याग्रह कशाला करावा लागला असता?

आणि सरकारी बँकेच्या दारातही नवा दरवान उभा राहिलाय. २०२३ पासून आयबीपीएसच्या क्लार्कच्या जाहिरातीत कर्जफेडीची नोंद चांगली पाहिजे असं कलम आहे. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयानं, सिबिल खराब म्हणून नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय योग्य ठरवला. ज्याच्या घरात पैसा आहे त्याचं सिबिल कशानं बिघडेल? शिक्षणाचं कर्ज काढणारा आपण, नोकरी नाही म्हणून हप्ता चुकवणारा आपण, हप्ता चुकला म्हणून नोकरी नाही तेही आपल्यालाच.

खासगीत राखीव जागांचा कायदा, ही मागणी आहेच आणि ती सोडायची नाही. पण कायदा येईपर्यंत सोमवारी सकाळी पोरं त्या जिन्यावर उभी राहणार आहेत, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी. एजन्सीला पैसे देऊ नका, मी दिले ते बुडाले. नेमणूकपत्रावर कुणाचं नाव आहे ते आधी वाचा, ओळखपत्रावर जाऊ नका. म्युच्युअल फंड विकायचं सेबीच्या संस्थेचं प्रमाणपत्र, एनआयएसएमचं, घरी अभ्यास करून परीक्षा देऊन मिळतं. ती परीक्षा कॉम्प्युटर घेतो, तो बापाचा धंदा विचारत नाही. वसुलीला गेलातच तर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राशिवाय जाऊ नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सांगितलंय. साहेब रात्री नऊला फोन लाव म्हणाला तर ते लेखी माग.

वसुलीची नोकरी मी घेतली नाही. घेतली असती तर चुकलो असतो असंही ठामपणे म्हणता येत नाही, कारण आईच्या भिशीचे पैसे अजून द्यायचे आहेत. सध्या एका सी.ए.कडं जी.एस.टी.ची कागदपत्रं भरतो, रोजावर.

येत्या दोन रविवारी, संध्याकाळी पाचला, विहाराच्या मागच्या खोलीत बसतोय. ज्यांनी ज्यांनी एजन्सीला पैसे भरले त्यांनी पावत्या आणा, पावती नसेल तर मोबाइलवरचा व्यवहार दाखवा. किती पोरं, किती रुपये, कुठल्या जिन्यावर, सगळं एका वहीत उतरवायचंय. ती वही घेऊन आधी त्या एजन्सीत जाऊ, मग पोलिसांत. तो काउंटरवरचा पोरगा हिशेब लिहायला येतो म्हणालाय. त्याचं अक्षर चांगलं आहे.