बोटांचा इशारा

आरे-वारेसारख्या किनाऱ्यावरील गावात बर्फातली मासळी हाताळणाऱ्या स्त्रीची बोटे पांढरी पडली, मग निळी झाली, तर दोष बर्फाला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु सोबत बोटे सुजत असतील, कातडी ताठरत असेल, तर ती ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ या विकाराची नांदी असू शकते. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते व त्या अरुंद होतात. सुमारे दहांतील एका रुग्णाच्या फुप्फुसांतही हेच घडते. तेथील रक्तदाब चढतो, हृदयाचा उजवा भाग थकतो. आरंभी केवळ चढणीवर दम लागतो आणि तो अशक्तपणाच्या खाती मांडला जातो.

हा विकार समूळ जात नाही; पण वेळीच ओळखला तर आयुष्य वाढते. २००५ साली अमेरिकेत या रक्तदाबासाठी मान्य झालेले सिल्डेनाफिल आज भारतीय बनावटीचे मिळते. वर्षातून एकदा इको तपासणी मात्र हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. दाखल होण्याची वेळ लांबविणारी तपासणी, रत्नागिरीचे भाडे आणि बुडालेली मजुरी ज्याची त्याने सोसायची! हा हिशेब उलटा आहे. वार्षिक तपासणी व नित्याची औषधे योजनेत यावीत. यात दया नाही. सार्वजनिक पैशाचा तो शहाणा विनियोग आहे.