आधी शब्द, मग काठी

मारहाणीची कोणतीही फिर्याद काढून वाचा. काठी, कुऱ्हाड, दगड यांचा उल्लेख नंतर येतो, आधी येते ती शिवी, आणि पुष्कळदा जातीची. शिवीच्याही आधी काय घडले, ते मात्र फिर्यादीत नसते. पानठेल्यावर महिनोन्‌महिने चाललेली कुजबूज पोलिस लिहून घेत नाहीत. घरात लेकरांसमोर सहज काढलेला उद्गारही पंचनाम्यात येत नाही.

खैरलांजी आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले. एका बौद्ध बाईने ताठ मानेने शेती करावी, लेकरे शिकवावीत, हे जातीयवादी मनाला खुपत होते. सुरेखाताईंच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे बोल आधीपासून तयार होते. हत्येनंतर तेच बोल काही वर्तमानपत्रांनी ‘कारण’ म्हणून छापले. म्हणजे माणसे मेल्यावरही शब्दांचा मार थांबला नाही! भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. दोन्ही न्यायालयांत ॲट्रॉसिटीचे कलम मात्र टिकले नाही. जात सगळ्या गावाला दिसत होती, निकालपत्रात ती सापडली नाही.

कायद्याची चौकट मुळातच अपुरी आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीसाठी स्वतंत्र पोटकलम आले. पण ती शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली असली पाहिजे, ही अट आहे. घराच्या चार भिंतींआडचा अपमान त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. विष कालवले जाते ते तर त्याच चार भिंतींत. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्याच्या रानडे व्याख्यानात बजावले होते की, हक्कांचे रक्षण कायदा करत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. संविधान दिल्यावरही त्यांना १९५६ साली धम्म द्यावासा वाटला, तो याचसाठी.

आता थोडे आपल्याकडे पाहू. पंचशील रोज म्हणायचे, आणि विहाराबाहेर पडताच दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याला ‘दलाल’ म्हणायचे! असत्य, चहाडी, कठोर बोल आणि वायफळ बडबड या चारही गोष्टी टाळणे म्हणजे सम्यक वाचा. आपल्या किती सभा या कसोटीला उतरतील? कन्हानसारख्या गावात कोळसा खाणींमुळे अनेक प्रांतांचे, जातींचे, धर्मांचे लोक शेजारी शेजारी राहतात. तेथे एखाद्या मोहल्ल्याला हिणवणारे नाव आपणच ठेवले, तर खैरलांजीच्या कुजबुजीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहतो काय?

सम्यक वाचा म्हणजे गप्प बसणे नव्हे. बाबासाहेबांची भाषा धारदार होती, पण तिच्यामागे पुरावा असे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर अफवा उठली, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. एवढ्या एका खोट्या वाक्यावर सवर्णांच्या जमावाने परिषदेहून परतणाऱ्या लोकांची डोकी फोडली. आपल्या बाजूला लष्करातून निवृत्त झालेले गडी होते. ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले, प्रकरण कायद्याच्या मार्गाने नेले, आणि डिसेंबरात पुन्हा महाडलाच परिषद घेतली.

आज ती अफवा मोबाईलवर येते. पुतळ्याच्या विटंबनेची बातमी खरी असो वा खोटी, शहानिशा होण्याआधी पोरे रस्त्यावर उतरतात. दंगलीचा गुन्हा नोंदला जातो आणि तारखा सुरू होतात. पोलिस भरतीत चारित्र्य पडताळणीला तो गुन्हा आडवा येतो. मेसेज पाठवणारा त्या तारखांना कधीच हजर नसतो. जामिनासाठी सातबारा शोधत फिरते ती पोराची आई, आणि तिच्याकडे शेतीच नसते.