ट्रेसिंगच्या कोडला टिपण हवेच

सप्टेंबर २००८. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू होती आणि चाचणी घेणाऱ्यांच्या मशीनमधली इंटेलची नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. मशीन बंद करून पुन्हा सुरू केले तरी कार्ड उठेना, कारण त्याची कायमची माहिती जिथे साठवलेली असते ती मेमरीच बिघडलेली. संशय साहजिकच ई१०००ई या ड्रायव्हरवर गेला. खरा दोषी ऑक्टोबरात भलतीकडेच सापडला: कर्नलमधली फंक्शने कधी आणि कोणत्या क्रमाने चालतात हे टिपणाऱ्या एफट्रेस या साधनात.

कंपायलर जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक छोटा कॉल घालून ठेवतो. एफट्रेस त्या जागांचे पत्ते नोंदवी आणि तिथे काहीच न करणारी सूचना बसवी, म्हणजे ट्रेसिंग बंद असताना मशीनवर भार पडत नसे. पण मोड्यूल सुरू होताना एकदाच लागणारा कोड काम झाल्यावर मेमरीतून काढला जातो. त्याचा पत्ता एफट्रेसच्या नोंदीत तसाच राहिला आणि पुढे त्याच पत्त्यावर नेटवर्क कार्डाची मेमरी जोडली गेली. नोंदीप्रमाणे एफट्रेस तिथेही बदल करू पाहे. बदल करणारी सूचना ‘आधी जुने मूल्य पाहा, जुळले तरच नवे लिही’ अशा जातीची होती. वाचणाऱ्याला वाटावे, न जुळल्यास ती हात लावणार नाही. प्रोसेसर मात्र न जुळले तरी लिहिण्याची फेरी पुरी करतो. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही, कार्डाच्या मेमरीत बिघडले. २.६.२७ बाहेर पडल्यावर काही दिवसांतच २.६.२७.१ काढून एफट्रेसची चालता कोड बदलण्याची ही सोय बंद करावी लागली.

‘चांगला कोड स्वतःच बोलतो’ असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत समोर ठेवावी. त्यांचा पक्ष लेचापेचा नाही. कर्नलच्या लेखनशैलीची अधिकृत नियमावलीच बजावते की कोड कसा चालतो हे टिपणीत समजावू नका, कोडच असा लिहा की तो आपोआप कळेल. सरळसोट ड्रायव्हरला हा नियम चपखल बसतो. ट्रेसिंगच्या कोडला तो अपुरा पडतो, कारण इथे एखादी ओळ तशी का आहे याचे उत्तर बहुधा त्या फाइलीतच नसते. ते प्रोसेसरच्या स्वभावात असते, नाहीतर दुसऱ्या कोअरवर त्याच क्षणी काय चालले आहे त्यात.

चालत्या कर्नलमध्ये ट्रेसिंग सुरू करण्याचेच पाहा. एक्स८६ वर पाच बाइटांची रिकामी सूचना काढून तिथे पाच बाइटांचा कॉल बसवायचा असतो. आधी पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंट ठेवतात, सगळे कोअर एका ताळ्यावर आणतात, मग उरलेल्या चार बाइट लिहितात, पुन्हा ताळ्यावर आणतात, आणि शेवटी पहिली बाइट बदलतात. कोड वाचून हे टप्पे कोणालाही दिसतील. पण पाचही बाइट एकदम लिहिल्या तर दुसरा कोअर अर्धी जुनी, अर्धी नवी सूचना उचलून कोसळू शकतो, ही भीती कोडच्या कुठल्याच ओळीत नाही. ती माणसानेच लिहून ठेवायला हवी.

दुसरा आक्षेप असा की टिपण्या शिळ्या होतात, आणि शिळी टिपणी वाचणाऱ्याला खड्ड्यात घालते. खरे आहे. कर्नल-डॉक ही स्क्रिप्ट फंक्शनचे पॅरामीटर आणि त्यांचे वर्णन जुळते का एवढेच तपासते, अर्थ तपासत नाही. पण चाचण्याही शिळ्या होतात. म्हणून कोणी चाचण्या लिहिणे सोडत नाही, पॅच तपासताना त्याही तपासतात. टिपणीला तोच न्याय लावावा.

आणि टिपणी हवीच असे मानल्याचा दाखला कर्नलच्याच घरात आहे. पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट मेमरी बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणारी सूचना, दिसला आणि जवळ टिपणी नसली की इशारा देते. एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड यांनी ट्रेसिंगच्या नोंदी साठवणाऱ्या रिंग बफरच्या रचनेवर २००९ मध्ये लिहिलेला दस्तऐवज तर या कामाचा आदर्शच म्हणावा. बफरची पाने साखळीने जोडलेली, वाचणाऱ्याचे पान साखळीबाहेर, आणि कुलूप न लावता दोघांची अदलाबदल. पॉइंटरचे शेवटचे दोन बिट एरवी रिकामे असतात, त्यांतच खुणा ठेवल्या आहेत. लिहिणे अर्धवट असताना इंटरप्ट आला आणि तोही लिहू लागला तर काय, हे साध्या रेघांच्या आकृत्यांनी पायरी-पायरीने दाखवले आहे. त्या आकृत्यांशिवाय केवळ कोडवरून ही गुंतागुंत सोडवायला बसणे म्हणजे अनुभवी माणसाचेही कित्येक दिवस खर्ची घालणे.

उरला तिसरा आक्षेप: गिटच्या इतिहासात बदलाचे कारण असतेच. असते, पण ओळ खटकली तरच माणूस इतिहास उकरतो. २००८ च्या घटनेनंतर एफट्रेसमध्ये आधी सावधपणे वाचून, ताडून, मगच लिहिण्याची पद्धत आली, आणि कोड बदलण्याबाबत आपण अतिदक्ष आहोत, चूक झाली तर भलत्या जागी लिहिले जाऊन नुकसान होईल, अशी टिपणीही आली. तिच्यात निकामी झालेल्या कार्डांचा उल्लेख नाही. वेग वाढवायला निघालेल्या नव्या माणसाला ती दक्षता फाजील वाटू शकते. तिथे आणखी दोन ओळी हव्यात: कोणत्या मेमरीत लिहिले गेले, आणि कोणते हार्डवेअर बिघडले.