धुऱ्यापासून लिव्हरपूलपर्यंत

यवतमाळच्या कापसाच्या गाठी परदेशी जातात, तेव्हा सौद्यात उद्भवलेला वाद बहुधा आपल्या जिल्हा न्यायालयात येत नाही. जगातला बराचसा कापूस लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांनी विकला जातो. ओलावा, तंतूची लांबी, उशिरा पोचलेला माल, असे तंटे तिथले लवाद सोडवतात. करारातले लवादाचे कलम सहीआधी नीट वाचणारे वकील आपल्याकडे तयार व्हावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून लवाद आणि मध्यस्थी या विषयांवरचा हा अंक.

बसून तंटा मिटवणे आपल्याला नवे नाही. 2007 पासून गावोगावच्या तंटामुक्त समित्यांनी धुऱ्याचे, पांदणीचे वाद हाताळले. 2023 च्या मध्यस्थता कायद्यातही सामुदायिक मध्यस्थतेची तरतूद आहे. मात्र दोघांना दटावून अर्धेअर्धे करणे म्हणजे मध्यस्थी नव्हे. दोघांना वेगवेगळे भेटायचे, एकाने विश्वासाने सांगितलेले दुसऱ्याला कळू द्यायचे नाही, निकाल आपण द्यायचा नाही, हे शिकावेच लागते. न्यायालयीन मध्यस्थांसाठी त्याचे 40 तासांचे प्रशिक्षण असते. अंकाचा भर याच कसबावर आहे, कलमे मोजकीच. तुमच्या गावात मिटलेला किंवा चिघळलेला तंटा आम्हाला लिहून कळवा. नावे छापणार नाही.